आमचा चिकटपणा

कुठली वस्तू कशाला आणि किती वेळ चिकटून राहील, हे मला विचारल्याखेरीज आमच्या सोसायटीत कुणी ठरवू नये, असं माझं फार जुनं मत आहे. सोसायटीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही, एवढंच. माझी सगळी नोकरी सायझिंग खात्यात गेली. आधी अमळनेरला सुती धाग्यावर, मग सुरतेत पॉलिएस्टरवर. ताण्याचा धागा मागावर चढण्याआधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर मागाचे तडाखे खाऊन तो पिंजतो आणि तुटतो. मक्याचा स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ॲक्रिलिक, सगळं मी शिजवलेलं आहे. घोळात बोट बुडवायचं, अंगठ्याशी चोळायचं, आणि बोटं लांब करताना तार किती ओढली जाते त्यावरून दाटपणा सांगायचा, ही माझी ख्याती. माझा अंदाज प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळत असे. ज्या दिवशी जुळत नसे त्या दिवशी प्रयोगशाळेत काहीतरी बिघडलेलं असे.

तेव्हा मागच्या खोलीत नवी फरशी घालायची आणि ती आपल्या हातांनी घालायची, असं एकमताने ठरलं (मत माझं), त्यावेळी चारचौघांना पडतात ते प्रश्न मला पडलेच नाहीत. कारागीर कुठून आणायचा, तो किती फेऱ्या मारायला लावील, मजुरी चौरस फुटावर की अंगावर, ह्या सामान्य माणसांच्या काळज्या. मला पडला तो एकच प्रश्न, आणि तो माझ्या योग्यतेचा होता. चिकटवायचं कशाने?

"सिमेंट नाखो ने," समोरचे काका म्हणाले. "अमारे त्यां तो वरसोथी चोंटेली छे."

काकांचं बरोबर होतं, पण त्यांच्या फरशीपुरतं. सिमेंट हा मुळात घुसखोर पदार्थ. आपल्या पाण्याबरोबर तो समोरच्याच्या बारीक छिद्रांत शिरतो, तिथे त्याचे स्फटिक वाढतात आणि पाय रोवून बसतात. वीट, शहाबाद, भिंतीला लावतात ती चिनीमातीची टाइल, ह्यांना छिद्रं भरपूर. भिंतीची टाइल तर आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. मी आणली होती मोरबीची व्हिट्रिफाइड, दोन फूट बाय दोन फूट. ही भट्टीतून बाराशे अंशांच्या आसपास अशी काही भाजून निघते की हिच्यात अर्धा टक्काही पाणी शिरत नाही. सिमेंटने कितीही आर्जवं केली तरी पालथ्या घड्यावर पाणी. काही महिने ती नुसती वजनाने पडून राहते, आणि मग एके दिवशी तिच्यावर पाऊल पडलं की खालून बद्द आवाज येतो. म्हणून सिमेंटमध्ये पॉलिमरची भुकटी घालतात. पाण्यात ती पसरते, आणि पाणी आटत गेलं की तिची बारीक फिल्म तयार होते आणि ज्या पाठीला छिद्रं नाहीत तिलाही धरून ठेवते.

हे सगळं मी काकांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "तो पछी कोटा नाखो" म्हणाले आणि पेपर पुढे ओढला.

दुकानात मी अधिक तयारीने गेलो. टाइलच्या चिकटद्रव्याला इकडे सगळे सरसकट 'केमिकल' म्हणतात. पण मी "केमिकल द्या" म्हणणाऱ्यांतला नव्हे. मी विचारलं, "भारतीय मानक 15477 प्रमाणे कुठल्या टाइपचं आहे?" हे मानक पहिल्यांदा 2004मध्ये आलं आणि 2019मध्ये सुधारलं गेलं. त्यात टाइप 1 ते टाइप 5 अशी उतरंड आहे. टाइप 1 घरातल्या जमिनीवरच्या साध्या सिरॅमिकसाठी. मग आपण जसजसे व्हिट्रिफाइड, मोठ्या मापाच्या फरश्या, दगड, उन्हापावसातली बाहेरची जागा, जुन्या फरशीवर नवी फरशी असे चढत जाऊ तसतसा टाइप वाढतो. काच, लाकूड, धातू म्हटलं की टाइप 5. हे मी दुकानदाराला त्याच्याच दुकानात समजावून सांगितलं. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांचाही फायदा झाला असेल.

"काका, कारीगर कोण छे?" त्याने विचारलं.

"हुं पोते," मी म्हणालो.

त्याने पोऱ्याला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. हा आदर होता, असं मी त्या वेळी धरून चाललो आणि अजूनही धरून आहे.

पोत्यावर मोठ्या अक्षरांत 'सी टू टी ई एस वन' असं छापलेलं होतं. एखादा जोशीबुवा पत्रिका हातात घेऊन मान डोलावतो तसं मी ते पोतं वाचलं. ही युरोपातली पद्धत. सी म्हणजे सिमेंटवर आधारलेलं. वन म्हणजे साधं, टू म्हणजे सुधारलेलं. साध्याने चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन ओढ सोसली पाहिजे, सुधारलेल्याने एक. ऐकायला हे अगदीच क्षुल्लक वाटतं, म्हणून मी जागच्या जागी गणित केलं. चौरस मिलिमीटरला एक न्यूटन म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो. दोन बाय दोनच्या फरशीचे चौरस सेंटिमीटर छत्तीसशे. म्हणजे पाठ पूर्ण टेकलेली असेल तर कागदोपत्री ती एक फरशी सरळ वर उपटायला छत्तीस टनांचा जोर लागेल. माझ्या मागच्या खोलीतली फरशी छत्तीस टनांचा जोर लावून कोण उपटणार आहे, हा विचार मनात आला, पण तो मी लगेच झटकला. माणसाने मजबुतीच्या बाबतीत कद्रूपणा करू नये.

ई म्हणजे थापल्यावर उघडं राहिलं तरी चिकटण्याची ताकद अधिक वेळ टिकणारं. साध्याला वीस मिनिटं मिळतात, ह्याला तीस. टी म्हणजे न घसरणारं. भिंतीवर लावलेली टाइल आपल्या वजनाने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खाली सरकत नाही. माझी फरशी जमिनीवर बसणार होती. ती घसरून घसरून जाणार कुठे? पण टी असलेलं पोतं आणि टी नसलेलं पोतं शेजारी शेजारी ठेवली, तर स्वाभिमानी माणूस एक अक्षर कमी असलेलं उचलत नाही.

राहिला एस वन. हा लवचीकपणा. वाळलेल्या थराची पट्टी मोडण्याआधी अडीच मिलिमीटर तरी वाकली पाहिजे; पाचच्या पुढे वाकली तर ती एस टू. हा गुण सगळ्यांत महत्त्वाचा. वरची फरशी आणि खालची जमीन, दोघी उन्हाने फुगतात, गारव्याने आकसतात, पण दोघींचं माप वेगळं. मधला थर ताठर असला तर तो ना हिचं ऐकत ना तिचं, आणि शेवटी सांधा उखडतो. दोन वेगवेगळ्या प्रकृतींच्या मध्ये ताठरपणा आला म्हणजे काय होतं हे सुरतेइतकं कुठल्या गावाने पाहिलं असेल? इथे मला थोडं थांबावं लागेल. घरचे म्हणतात, मी इथे नेहमीच थांबतो.

आधी तापीकाठचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी शहर पुन्हा पुन्हा जाळलं, म्हणून गुजरातच्या महमूद तिसऱ्या सुलतानाच्या हुकमाने खुदावंद खानाने तो 1540च्या दशकात बांधला. दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडले आणि सांध्यांत वितळलेलं शिसं ओतलं, अशी जुनी नोंद आहे. शिवाजी महाराज जानेवारी 1664मध्ये सुरतेवर आले तेव्हा इथला सुभेदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून ह्याच शिशाच्या सांध्यांमागे जाऊन बसला. महाराजांनी किल्ल्याच्या नादी न लागता पेठेतली कामं आटोपली. 1670मध्ये ते पुन्हा आले, तेव्हाही किल्ला जागेवर. आता तिथे महापालिकेने संग्रहालय केलंय. पाहुण्यांना मी तिथे नेतो आणि सगळं सोडून दगडांचे सांधे दाखवतो. काही पाहुणे पुन्हा येत नाहीत.

ह्यानंतर सुरतेत मोठ्या प्रमाणावर काही तुटलं ते 27 डिसेंबर 1907 रोजी. काँग्रेसचं ते अधिवेशन खरं व्हायचं होतं नागपूरला. पण नागपूरला जहालांचा जोर, म्हणून मवाळांनी ते उचलून सुरतेला आणलं. खालची जमीन बदलली की सगळं नीट बसेल, हा हिशोब. जहालांना अध्यक्ष हवे होते लाला लजपतराय. लालाजींनी स्वतःच नकार दिला आणि खुर्ची रासबिहारी घोषांकडे गेली. त्यात 1906च्या कलकत्ता अधिवेशनाने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव केलेले. सुरतेत त्या ठरावांत पाणी घालणार, अशी जहालांना धास्ती. पाणी जास्त झालं की माल धरत नाही, हे कुठल्याही गवंड्याला कळतं. टिळकांना कळणार नाही? 26 तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले आणि इतका गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळक मंचावर चढले, बोलायचं आहे म्हणाले, परवानगी मिळेना आणि ते खाली उतरेनात. हाताची घडी घालून उभे. खुर्च्या उचलल्या गेल्या. आणि गर्दीतून हवेत उडत आला एक जोडा.

हा जोडा मला फार प्रिय आहे. नेव्हिन्सन नावाचा विलायती पत्रकार तिथे हजर होता. एवढ्या धुमाळीत त्या माणसाने जोडा नीट पाहून ठेवला. मराठी जोडा, तांबूस कातड्याचा, पुढे टोकदार, आणि तळव्याला शिसं ठोकलेलं. तो आधी सुरेंद्रनाथांच्या गालावर बसला आणि तिथून उसळून सर फिरोजशहा मेहतांवर गेला. एका फेकीत बंगाल आणि मुंबई. पुढे लाठ्या चालल्या, पोलीस आले आणि काँग्रेस फुटली.

आता माझा सिद्धांत. सुरतेत शिसं किल्ल्याच्या सांध्यांत होतं तेव्हा किल्ला टिकला. तेच शिसं सांध्यातून निघून तळव्याला गेलं तेव्हा देशातली सगळ्यांत मोठी संघटना दुभंगली. पदार्थ तोच, कुठे लावला त्यावर सगळं. इतिहासाच्या प्राध्यापकांनी ह्या सिद्धांताची दखल घेतलेली नाही, पण त्यांच्यापैकी सायझिंगमध्ये काम केलेलं आहे कोणी?

तो सांधा पुन्हा जुळला 1916मध्ये, लखनौला. मधल्या काळात टिळक मंडालेला सहा वर्षं काढून आलेले. गोखले आणि मेहता दोघेही 1915मध्ये गेलेले. पोत्यावर लिहितात, चोवीस तास पाय देऊ नये. काँग्रेसला नऊ वर्षं लागली, आणि जुळली तेव्हा ज्यांना जुळवायचं त्यांतले दोघे राहिलेच नव्हते.

"अहो," आतून आवाज आला, "टिळक आले तरी आधी ते कपाट हलवावं लागेल."

कपाट हलवलं, आणि खालची जुनी मोझेक उघडी पडली. पांढऱ्यात काळे-तांबडे खडे, कोपरे झिजून गुळगुळीत. माझा बेत सरळ होता. ब्रेकर आणायचा, ही फोडायची, राबिट गोणीत भरून बाहेर काढायचं आणि मोकळ्या जमिनीवर नव्याने सुरुवात करायची. शास्त्रही तेच सांगतं.

"हिला फोडायची नाही," ही म्हणाली. "वरून काय घालायचं ते घाला."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऑगस्ट 2006. उकाई धरणातून पाणी सोडलं, तापी शहरात आली आणि अडाजण-रांदेरची तळमजल्यावरची घरं छातीएवढ्या पाण्यात गेली. लाइट नाही, प्यायला पाणी नाही, आणि पूर ओसरला तेव्हा घराघरांत चिखलाचा थर. तो साधा चिखल नव्हता. नदीचा मऊ, तेलकट गाळ. वाळला की तडकतो, ओला केला की पुन्हा पसरतो. मी तेव्हा कारखान्यात बुडालेले केमिकलचे ड्रम मोजत होतो, कारण मालाचा हिशोब माझ्याशिवाय कुणाला जमणार नव्हता. ही घरी ह्या फरशीवर गुडघे टेकून काथ्याने एकेक सांधा घासत होती. काडी घालून सांध्यातला गाळ उकरायचा, पाण्याचा हात फिरवायचा, पुसायचं, पुन्हा उकरायचं. मी रात्री यायचो, चप्पल काढून आत शिरायचो आणि विचारायचो, "जेवायला काय आहे?" त्या फरशीचा एक तुकडासुद्धा उखडला नाही. कुठलं केमिकल नव्हतं त्यात. वाळू-सिमेंटचा माल आणि कुणा अनामिक गवंड्याचा हात.

फोडायची नाही म्हणजे नाही. जुन्या फरशीवर नवी बसवायची, म्हणजे टाइप 4. अशा रीतीने ज्या प्रश्नावर मी इतकं वाचन केलं होतं, त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून एका वाक्यात आलं. तिला मानकाचा नंबर सांगायची गरज पडली नाही.

वरून घालणंही वाटतं तितकं सोपं नसतं. मोझेकवर जुनं पॉलिश आणि मेण असतं, ते घासून काढावं लागतं, पृष्ठभाग खरवडावा लागतो, धूळ पुसून प्रायमर मारावा लागतो. प्रत्येक फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहायची. जिचा आवाज पोकळ ती आधी पक्की करायची, कारण खालची हलली तर वरच्याच्या छत्तीस टनांना काही अर्थ नाही. शिवाय जमीन बोटभर वर येते आणि दार अडतं. दाराचं मी कुणाला बोललो नाही. माझा एक घाव दोन तुकडे करण्याचा स्वभाव आहे, पण दार खालून तासायचं म्हटलं की सुतार लागतो.

कडेच्या फरश्या कापायला मात्र मिस्त्रींना बोलावलं. फक्त कापायला. डिंडोलीचे, मूळचे आमच्याच खानदेशातले. सोबत गंजामकडचा, ओडिया बोलणारा एक पोरगा, माल कालवायला. मिस्त्री खाली बसले, मोझेकवर तळहात फिरवला, एका डोळ्याने पट्टी लावून पाहिली. मी पोतं पुढे ओढलं आणि सुरुवातीपासून समजावलं. सी, टू, टी, ई, एस वन. न्यूटन, मिलिमीटर, पॉलिमरची फिल्म. सेल्युलोज इथर काय करतं, मालातलं पाणी कसं धरून ठेवतं, कोरडी जमीन ते शोषून घेऊ नये म्हणून. मिस्त्रींनी तंबाखू मळत सगळं ऐकलं.

"ते समदं ठीक शे आप्पा," ते म्हणाले. "पानी कितलं टाकानं?"

मी पोतं फिरवून पाहिलं. पुढच्या बाजूला अक्षरं, मानकं, चमकत्या फरशीवर चालणारी बाई. मागच्या बाजूला, शिवणीच्या जवळ, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत कालवण्याची कृती. हिंदीत होती फक्त एक जाहिरातीची ओळ.

इथे मला खरोखर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हा माल कोण कालवतं? मी नाही, दुकानदार नाही, आर्किटेक्ट नाही. कालवतो तो गंजामचा पोरगा, नाहीतर लिंबायतचा, नाहीतर उत्तरेकडून आलेला. त्यांच्यातला कुणी ओडिया वाचतो, कुणी मराठी, कुणी हिंदी, कुणी काहीच नाही. पोत्यावरचं सगळं शास्त्र मात्र माझ्यासारख्याला उद्देशून, ज्याने आयुष्यात बादलीत हात घातलेला नाही. वीस किलोला किती लिटर, कालवून पाच मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा कालवायचं, घट्ट झाला तरी वरून पाणी घालायचं नाही, ह्या तीन ओळींवर ती फरशी उभी असते. त्या तीन ओळी ज्याच्यासाठी आहेत त्याला वाचता येणार नाहीत अशा लिहिल्या जातात. तो मग अंदाजाने पाणी ओततो, माल सैल होतो, वर्षभराने फरशी बोदी वाजते, आणि आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, "आजकाल कारागीर बेकार झालेत." ह्याच सुरतेत महापालिकेच्या शाळा मराठीत चालतात, ओडियात चालतात, उर्दूत आणि तेलुगूतही. शहराला माहीत आहे इथे कोण राहतं. पोत्याला माहीत नाही.

तर मी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. पाच लिटर, ह्या पोत्याला. पाण्यात भुकटी घालायची, भुकटीत पाणी नव्हे. पोरगा बादली घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि नोकरी संपल्यानंतर पहिल्यांदा मी सांगितलेल्या मापाप्रमाणे कुणीतरी काहीतरी ओतलं.

माल जमिनीवर पडला, आणि दातेरी थापीने मिस्त्रींनी त्याच्या सरळ, समांतर रेघा ओढल्या. रेघा एकाच दिशेने ओढायच्या, म्हणजे फरशी दाबताना मधली हवा कडेने निघून जाते. पाच ठिकाणी गोळे ठेवून फरशी टेकवली तर कोपऱ्यांखाली पोकळी राहते. फरशीच्या पाठीवरही त्यांनी पातळ थर ओढला. मी पहिली बसवली. रबरी हातोड्याने ठोकली, लेव्हल लावली, स्पेसर खोवले. मिस्त्रींनी ती हळूच पुन्हा उचलली आणि उलटी करून मला दाखवली. पाठीवर माल सगळीकडे चपटा झालेला, रेघ एकही शिल्लक नाही. मला वाटलं, ते माझं कौतुक करताहेत. ते माल तपासत होते.

उकाडा मरणाचा होता. मी पंखा फुल्ल सोडला. तीस मिनिटांच्या 'ई'ला वाऱ्याचा झोत मान्य नसतो. थापलेल्या मालावर बघता बघता साय धरते आणि साईला फरशी चिकटत नाही. मी वाकून मालाला बोट लावलं, अंगठ्याशी चोळलं. तार ओढली गेली नाही, बोट कोरडं. "गेला," मी म्हणालो. मिस्त्री तोवर तो पट्टा खरवडून बाजूला करत होते, आणि त्यांच्याही उजव्या हाताचं बोट अंगठ्याशी चोळलेलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी पोराला पंखा बंद करायला सांगितलं. पुढे दिवसभर नवा पट्टा थापला की ते क्षणभर थांबायचे, माझं बोट लागेपर्यंत. गरज नव्हती. त्यांचं बोट माझ्याआधी लागून गेलेलं असे.

संध्याकाळी हात धुताना माल निघेना, आणि मला हसू आलं. पोत्यातली अर्धी मंडळी माझ्या ओळखीची. त्या पॉलिमरच्या भुकटीचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जे गुंडाळतात ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. तेच मी उभा जन्म धाग्यावर चढवलं. फरक इतकाच की आमच्या खात्याचं चिकटवणं हे धुऊन काढण्यासाठीच असतं. कापड विणून झालं की ते डिसाइझिंगला जातं, आणि खळ पाण्याबरोबर गटारात. राहिली तर तो आमचा दोष. पुढे रंग नीट चढत नाही. सुरतेहून गेलेल्या किती साड्यांच्या ताण्याला माझा हात लागला असेल, आणि चोख काम केलं असेल तर त्यांतल्या एकीतही माझा कण सापडणार नाही. एवढं सगळं चिकटवून काहीच मागे ठेवलं नाही, ही बोच त्या सी टू टी ई एस वनच्या खरेदीत होती, हे मी दुकानदाराला अर्थातच सांगितलं नव्हतं. मागच्या खोलीतली फरशी आता माझी आहे, आणि तिच्याखाली, छत्तीस टनांच्या बंदोबस्तात, हिने घासलेली.

भिंतीच्या कडेने मोकळी फट सोडली, सांधे भरले, सुतारही आला. सोसायटीत बोलबाला झाला, निदान मी केला तिथपर्यंत झाला. आता दोघा-तिघांनी मला विचारलंही आहे, की काका, कुठलं केमिकल? मी त्यांना आधी बसायला सांगतो, आणि किल्ल्यापासून सुरुवात करतो.

माल कालवायच्या बादलीवर मी पाच लिटरच्या मापाला लाल ऑइलपेंटने एक रेघ ओढली होती, जाड, सगळीकडून दिसेल अशी. खाली मराठीत 'पाणी इथपर्यंत' लिहिलं होतं, पण पोराने ते वाचलं नाही आणि त्याला वाचावंही लागलं नाही. रेघेपर्यंत भरायचं हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं. काम संपल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "आप्पा, ही बादली ली जाऊ का?" पुढचं काम वेसूला होतं, पोतं त्याच जातीचं. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. इतकं वाचन, इतकी गणितं, टिळक आणि न्यूटन. त्यातून प्रत्यक्ष कामाला आली ती एक लाल रेघ, आणि ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाथरूममधून म्हणाली, "अहो, माझी कपडे भिजवायची बादली कुठे आहे?"

"वेसूला गेली," मी म्हणालो. "साइटवर."

"नाव तरी घालायचं होतं तिच्यावर," ही म्हणाली.

माझ्याही मनात रात्रभर अगदी तेच घोळत होतं. फक्त तिच्या डोक्यात नाव तिचं होतं, आणि माझ्या डोक्यात माझं.